मिरचीच्या हंगामाआधी

तुम्हाला कधी भीतीनं हसू आलंय का? म्हणजे जीव घाबरलेला, आणि नेमकं त्याच वेळी शेजारची बाई कानात असं काही बोलते की तोंडात पदर कोंबावा लागतो?

आमचं गेलं वर्ष सगळं असंच गेलं. काम शोधायला निघालं की काम मिळेलच असं नाही, पण किस्सा हमखास मिळतो! घरातलं तेल संपतं, साखर संपते, किस्से मात्र साचत जातात. त्यातले थोडे सांगते.

आम्ही तिघी पवनीच्या मिरची सातऱ्यावरच्या. सातरा म्हणजे मिरची वाळवायची मोठी मोकळी जागा. तिथं पोतं अंथरून दिवसभर देठ खुडायचे. शेवंताबाई वयानं मोठ्या, कोणालाही बोलायला न भिणाऱ्या. वनिता सगळ्यात लहान, बोलायलाच भिणारी. तिला कोणी नाव विचारलं तरी आधी माझ्याकडे बघते. आणि मी मधली. दहावी शिकलेली, म्हणून तिघींचे अर्ज मीच लिहायचे.

गेल्या हंगामाच्या शेवटी माझा खोकला थांबेना. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, "दुसरं काम पाहा. आणखी एक हंगाम मिरचीत बसलात तर ही छाती साथ द्यायची नाही."

घरी मी हे पूर्ण सांगितलं नाही. या दोघींना सांगितलं. वनिता रडायला लागली. शेवंताबाई म्हणाल्या, "रडून कायले राहिली वं? शोधू ना दुसरं काम! तिघींसाठी शोधू. मिरची काय पळून चालली?"

मिरची पळून चालली नव्हती, तीच तर भीती होती. पुढचा हंगाम येणारच होता.

* * *

पहिली मुलाखत भंडाऱ्याला, एका मंगल कार्यालयात. भांडी आणि झाडलोट. हंगामाचे शेवटचे दिवस होते. अर्धा दिवस काम करून तिघी सातऱ्यावरूनच बसमध्ये चढलो. हात घासून धुतले, वेण्या घातल्या. साड्या मात्र त्याच.

बसमध्ये आमच्या आजूबाजूचे सगळे शिंकत होते. वनिता घाबरून म्हणाली, "ताई, कोणती साथ आली वाटते!" आम्ही पदर नाकाला लावून बसलो.

मॅनेजरची खोली एसीची. दार बंद. ते "बसा" म्हणाले आणि शिंकले. मग त्यांचा कारकून शिंकला. मग चहा घेऊन आलेला माणूस दारातच ठसकला आणि तसाच मागे फिरला. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, साथ आम्हीच आणली होती! रोज मिरचीत बसून आम्हाला तिचा वास येईनासा झाला होता.

मॅनेजरचे डोळे लाल. मला वाटलं, आता हे पोलीस बोलावतात.

आमच्या बौद्ध घरात नजरबिजर कोणी मानत नाही, पण शेवंताबाई मानतात. नजर काढताना जाळलेल्या मिरचीचा ठसका लागला, तर नजर लागलेली नाही असं समजायचं. त्या पुढे होऊन शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नका जी साहेब. एवढा ठसका लागला, म्हणजे तुम्हाले कोणाचीच नजर नाही!"

* * *

नकार मिळाला की आमची पार्टी! हा नियम शेवंताबाईंचा. बसस्टँडजवळच्या हॉटेलात तर्री-पोह्यांची एक प्लेट आणि तीन चमचे. हॉटेलवाल्यानं एकदाच विचारलं होतं, "कायची पार्टी होय बाई?"

"नोकरी नाही भेटली, त्याची."

"आणि भेटली तर?"

"तर उपास! पहिला पगार हाती येईपर्यंत खायचं काय जी?"

त्या दिवसापासून तो तर्री जरा जास्तच घालायचा.

* * *

वनिताला एका खाजगी दवाखान्यात लेडी गार्डच्या कामासाठी बोलावलं. मी सोबत गेले, कारण एकटी गेली असती तर गेटवरच्या गार्डला बघूनच ती परत आली असती.

साहेब उंच, मिशीवाले, आवाज जाड. म्हणाले, "समजा, अनोळखी माणूस गेटमधून जबरदस्तीनं आत घुसला. तुम्ही काय कराल?"

वनितानं आधी माझ्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, "विचारीन जी."

"काय विचाराल?"

"कोणाचा व्हय गा तू? जेवला का?"

साहेब बराच वेळ हसले. मग गंभीर झाले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही इथं नको. तुम्हाला कोणीही फसवेल."

बाहेर येऊन वनितानं मोठा श्वास सोडला. "बरं झालं बापा! चोराचं मंग पाहू, मले त्या साहेबाचाच भेव लागून राहिला होता."

* * *

शेवंताबाईंच्या मोबाईलवर फोन आला. घरी बसून पेन्सिली डब्यात भरायच्या, महिन्याला चांगला पगार. माणूस हिंदीत गोड बोलत होता. फक्त आधी रजिस्ट्रेशनचे पैसे पाठवायचे होते.

मी खुणेनं नाही नाही म्हणत होते. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचे असेच गेले होते. फोन उचलल्यावरही पैसे जातात, असं कोणीतरी सांगितलेलं, त्यामुळे मला फोनच्या जवळ जायचीही भीती वाटत होती.

शेवंताबाईंनी त्याला सगळं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "भैया, ऐसा करो, पहले पगार में से काट लो!"

"नहीं माताजी, पहले भरना पड़ता है."

"अच्छा, तो दूसरे पगार में से काटो. मेरेकू जल्दी नहीं है."

तिकडून फोन कट झाला. शेवंताबाई फोनकडे बघत म्हणाल्या, "पाहा! आमच्यासारख्यायले तर चोरबी कामावर घेत नाही."

* * *

जंगलाच्या गेटजवळ एक रिसॉर्ट आहे. तिथं चहा-नाश्त्याला बाई पाहिजे होती, म्हणून मी जायचं ठरवलं. एव्हाना भाताची कापणी आटोपली होती आणि नव्या मिरचीच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. काम कसलंही असो, मला हवंच होतं.

ऑटोवाल्यानं आम्हा तिघींना डांबरी रस्त्यावर सोडलं. पुढं कच्चा रस्ता, दोन्हीकडे झाडी. आठच दिवसांपूर्वी त्या भागात एका गुराख्याला वाघ दिसला होता. दिवसाची वेळ होती, तरी पान हललं की आम्ही थांबायचो. वनितानं माझा हात इतका आवळला होता की बांगडी वाकली. शेवंताबाई मात्र सारखं मोठ्यानं बोलत होत्या. सुनेची भांडणं, शेजारणीची भांडणं, सगळी जंगलाला ऐकवली. मी म्हटलं, "हळू बोला ना बाई!" तर म्हणतात, "वाघाले समजू दे, आपण किती वंगाळ आहो!"

मॅनेजर चांगला माणूस होता. म्हणाला, "काम सोपं आहे. पर्यटक पहाटे सफारीला निघतात, त्याआधी चहा तयार पाहिजे. म्हणजे पाच वाजता हजर."

मी विचारलं, "साहेब, पाच वाजता या रस्त्यानं यायचं कसं?"

"पायी या. आजपर्यंत कोणाला काही झालेलं नाही."

"आधीच्या बाईनं काम काहून सोडलं जी?" शेवंताबाईंनी विचारलं.

मॅनेजरनं घड्याळाकडे बघितलं.

"बरं, मंग एवढं सांगा," शेवंताबाई म्हणाल्या, "वाघाची ड्युटी किती वाजता सुटते?"

हसत हसत परत निघालो खरं, पण परतीच्या रस्त्यावर शेवंताबाईसुद्धा बोलल्या नाहीत. मला वाघाची भीती वाटत होतीच. त्याहून मोठी भीती ही होती, की दुसरं काहीच मिळालं नाही तर मी या कामाला हो म्हणेन.

* * *

आता हा शेवटचा.

सातरा सुरू व्हायला एक दिवस राहिला होता. मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाची जागा निघाली. एकच. बोलावणं मला आलं आणि वनितालाही. दिवाळीनंतर तिच्या नवऱ्याचं रंगकाम बंदच होतं. मी तिला म्हटलं, "तू जा वं. मी नाही येत."

ती म्हणाली, "तुम्ही नाही आल्या तर मीबी नाही जात. मले एकटीले भेव लागते."

शेवंताबाई बाहेर ओट्यावर बसल्या. आम्ही दोघी आत.

वसतिगृहाच्या मॅडमनी आधीच सांगितलं, "इथं मुलींच्या जेवणाचा प्रश्न आहे. खोकणारी बाई मी ठेवत नाही. आता दोघी मला करून दाखवा."

मला वरण दिलं, वनिताला आलूची भाजी. शेजारी शेजारी दोन शेगड्या. मॅडम दारात उभ्या. मी सकाळपासून गरम पाणी पीत होते, लवंग चघळत होते. तरी कढईत तेल तापलं तशी छातीत खरखर सुरू झाली. जिरं तडतडलं. मी श्वास धरला आणि लाल मिरची टाकली.

धूर सरळ तोंडावर आला. खोकला आतून असा वर आला की दात आवळूनही आवरेना. वाटलं, संपलं. उद्या पोतं घेऊन सातऱ्यावर.

तेवढ्यात वनिता खोकली.

केवढ्यानं खोकली! ओटा धरून, कमरेत वाकून, भांडी हलतील अशी. इतकी वर्षं तिच्या शेजारी मिरचीत बसले, तिला ठसका लागलेला कधी बघितला नव्हता. माझा खोकला सुटला तो तिच्याच आवाजात मिसळून गेला. मॅडमनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाल्या, "या ताईंना बाहेर पाठवा आधी!"

मी पाण्याचा गिलास घेऊन वळले. वनितानं माझ्याकडे बघितलं नाही. पदरानं तोंड पुसत ती बाहेर गेली.

मॅडमनी वरण चाखलं. "उद्या सकाळी लवकर या."

बाहेर आले तेव्हा शेवंताबाई विचारत होत्या, "काय झालं वं?"

"काही नाही," वनिता म्हणाली. "ताईची फोडणी लय तिखट होती बाई. मले नाही सोसली."

शेवंताबाईंनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वसतिगृहात मुलींसाठी पोहे केले, आणि वनिता शेवंताबाईंबरोबर सातऱ्यावर मिरची खुडायला गेली.