मिठाचा तक्ता
तळलेल्या बटाट्यांचा वास आला की हुबळीतलं ते बर्गरचं दुकान आठवतं. मी तिथं काउंटरवर होते. साठीच्या एक बाई हातात वही घेऊन सलग तीन दिवस आल्या. घ्यायच्या काही नाहीत, फक्त विचारायच्या, "कशात मीठ किती, त्याचा तक्ता आहे का?" तक्ता आत फ्रीजवर चिकटवलेला होता. "तपासणीवाली दिसते, नाही म्हणून सांग," मॅनेजर कन्नडमध्ये कुजबुजले. मलाही ती वही खटकत होती. तिन्ही दिवस मी म्हटलं, "नाही हो, अक्का." चौथ्या दिवशी त्या वहीशिवाय आल्या आणि एक बर्गर मागितला. मीच विचारलं, "मिठाचं बघायचं नाही?" "यजमानांची किडनी गेलीय, म्हणून विचारत होते," त्या म्हणाल्या. "आता डॉक्टर म्हणतात, मागतील ते द्या." मी बर्गर बांधून दिला. तक्ता होता, हे तेव्हाही सांगायचा धीर झाला नाही. आज पहिल्यांदा सांगतेय.