कापूस नसलेलं घर

धुळ्यात देवपूरला आमचं घर, त्या घरात गादी नव्हती. नवऱ्याला शाळेत नोकरी होती, पगार वेळेवर होता, तरी आम्ही सगळे घोंगडीवर आणि जुन्या लुगड्यांच्या गोधड्यांवर झोपायचो. लग्नात माझ्या वडिलांनी जळगावहून चांगली जाडजूड गादी पाठवली होती. सासूबाईंनी ती टांग्यातून खालीच उतरू दिली नाही. टांगा तसाच माझ्या नणंदेच्या घरी वळवला. नवी नवरी म्हणून मी तोंड मिटून बसले, पण मनात त्यांना जे जे म्हणून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सासूबाईंना सगळे अक्का म्हणत, मीही तेच म्हणू लागले. त्यांचं गाव सोनगीरच्या पलीकडे. सासरे गेल्यावर जमीन वाट्याने देऊन त्या मुलाजवळ धुळ्याला आल्या होत्या. घरात कापसाचं बोंडभरही काही त्यांना चालायचं नाही. देवापुढची वातसुद्धा त्या जुन्या धोतराच्या चिंधीची वळायच्या. गल्लीत पिंजारी आला, त्याच्या धनुकलीची तार वाजायला लागली, की अक्का उठून दार लावून घेत आणि तो दूर जाईपर्यंत कडीवर हात ठेवून उभ्या राहत. मी याला कंजूषपणा म्हणायचे. नवऱ्याला विचारलं तर ते म्हणत, "जाऊ दे ना, तिची सवय आहे." जाऊ दे हा त्यांचा आवडता शब्द होता.

मोठा दुष्काळ पडायच्या आदल्या साली मला मुलगी झाली. झाली तशी अक्कांनी ती उचलली आणि मांडीवर घेतली. मांडीवरून झोळीत, झोळीतून मांडीवर. जमिनीला तिचं अंग लागायचं नाही. सुरुवातीला मला बरंच वाटलं. मी नळावर जायचे, नदीवर धुणं घेऊन जायचे, परत यायचे तर दोघी तशाच बसलेल्या. अशी सासू मिळायला नशीब लागतं, असं शेजारच्या मारवाडणीने म्हटलं तेव्हा मी मान डोलावली होती.

पण तिच्या बरोबरीची पोरं घरभर फिरायला लागली आणि आमची मुलगी बसवली तिथेच. पालथी घातली की कपाळ जमिनीला टेकवायची आणि रडायची. हात दोन बाजूंना पसरलेले, जणू ते तिचे नव्हतेच. मी घाबरले. मनात नको नको ते यायला लागलं. शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला टेबलावर पालथी टाकली, खांदे चाचपले, तळवे दाबून पाहिले आणि मलाच विचारलं, "बाई, हिला खाली ठेवता की नाही कधी? मूल चांगलं आहे. हातांना काम नाही, म्हणून जोर नाही. रोज पालथी घाला."

घरी येऊन मी पदर खोचला आणि खोलीच्या मधोमध घोंगडी अंथरली.

"जमीनवर नको टाकू तिले," अक्का म्हणाल्या. "मी शे ना. मनी मांडी शे."

"मांडी जन्मभर पुरणार आहे का?" मी म्हटलं. असं उलट बोलायची माझी ती पहिलीच वेळ. मी मुलीला पालथी घालायची आणि पाठ वळली की अक्कांनी उचलायची, असं कितीतरी दिवस चाललं. नवरा वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचा. एकदा मी ते पत्र ओढून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या मुलीला लुळी ठेवायची आहे का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आईकडे पाहिलं आणि बाहेर निघून गेले.

मग मी युक्ती काढली. घोंगडीची घट्ट वळकटी करून ती मुलीच्या छातीखाली घालायची आणि पुढ्यात पितळेची परात उपडी ठेवायची. परातीवर हात पडला की दण्ण आवाज व्हायचा आणि ती खुशीने पुन्हा मारायची. मारता मारता तळवा परातीवर टेकायचा, कोपर ताठ व्हायचं, छाती थोडी वर यायची. मग हात लटपटायचे आणि नाक घोंगडीत. मी तिला पुन्हा सरळ करायचे. परातीचा आवाज होता तोवर अक्का मध्ये पडत नाहीत, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. आवाज थांबला की मात्र त्या झडप घालून तिला उचलत.

एका दुपारी जेवणं झाल्यावर मुलीने दोन्ही हात परातीवर रोवले आणि छाती उचलून मान ताठ केली. बराच वेळ पडलीच नाही. मी आनंदाने ओरडले. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तिना हातस्मा बी असाच जोर व्हता."

"कुणाच्या?"

"मनी आंडेरना. पहिली."

अक्कांना माझ्या नवऱ्याच्या आधी एक मुलगी होती, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या परातीकडे बघत बोलत राहिल्या. कापूस वेचणीचे दिवस होते. माजघरात कापूस आढ्यापर्यंत रचलेला, दारातून आत गेलं की पायाखाली कापूसच. मुलगी नुकतीच रांगायला लागली होती, इतर पोरांच्या आधीच. तिला ओसरीवर खेळत ठेवून अक्का अंगणात गाडीवरची गाठोडी उतरवायला गेल्या. माणसं एकामागून एक गाठोडं आणत होती, माजघराच्या दारातून ढिगावर रिकामं करत होती आणि परत जात होती. अक्काही त्यांच्यात होत्या. गाडी रिकामी झाल्यावर ओसरी बघितली तर मुलगी नाही.

सगळं गाव धावलं. विहिरीत गळ टाकले, गुरांचं टाकं उपसलं, सडकेपर्यंत माणसं गेली, वेचणीला आलेल्या बायांच्या झोपडीची झडती घेतली. ज्या घरातून ती गेली त्या घरात कुणी शोधलं नाही, कारण घरात तर सगळे होतेच, मूल असतं तर रडलं असतं. दिवेलागणीला अक्का थकून माजघराच्या दारात, कापसाला पाठ लावून बसल्या. आणि त्यांच्या पाठीला काहीतरी टणक लागलं.

"कापूस बठ्ठा आवाज पी जास," त्या म्हणाल्या. "वरलं गाठोडं मन्हाच हातनं व्हतं."

परातीवर मुलीचा हात पडला. आम्ही दोघीही दचकलो.

मला वाटलं होतं, आता ही बाई माझ्या मुलीला कधीच खाली ठेवू देणार नाही, आणि ठेवू दे म्हणायला मला तोंडही उरलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी अक्का पेठेत गेल्या. पायातले चांदीचे तोडे सोनाराला देऊन त्यांनी मुलीसाठी घुंगरांची कडी घडवून आणली. पायांत नाही, हातांत घालायची. हात टेकला की वाजलंच पाहिजे. ती घातल्यावर त्या स्वतःच कामाला लागल्या. तेल लावून दंड चोळायच्या, मुलीला पोटरीवर आडवी टाकून तळवे जमिनीला लावून घ्यायच्या, खारीक हाताला लागणार नाही इतकी पुढे ठेवायच्या. आणि सगळा वेळ डोळे मिटून ऐकायच्या. मी बघायचे नि मला त्यांच्याबद्दल माया वाटायची आणि भीतीही.

मुलगी रांगायला लागली. आधी मागे, मग गोल, मग धडाक्याने पुढे. घरभर घुंगरं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, तुमच्याकडे काय लग्न आहे का रोज.

एका सकाळी मी भाकरीचं पीठ चाळून परात स्वयंपाकघरात खालीच ठेवली आणि वाळत घातलेले कपडे काढायला मागे गेले. अक्का बाहेरच्या खोलीत भाजी निवडत होत्या. घुंगरं वाजत होती, मला मागेही ऐकू येत होती. मग थांबली. मी कपडे टाकून धावत आत आले. अक्का दाराकडे गेल्या नव्हत्या, स्वयंपाकघराकडेही नाही. ट्रंकेवर रचलेल्या गोधड्यांच्या ढिगात त्यांनी दोन्ही हात घातले होते. एकेक गोधडी ओढून मागे फेकत होत्या, चिंध्या भरलेल्या उशा, सतरंजी, घोंगड्या. मी म्हटलं, "अक्का, त्यात नाही ती," तरी हात थांबेनात. नखं ट्रंकेच्या पत्र्यावर घासत होती.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मुलगी आली. पिठाच्या परातीत कोपरापर्यंत हात घालून बसली होती ती. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या. घुंगरांत पीठ भरलेलं, त्यामुळे हात टेकत होती तरी आवाज येत नव्हता. अंधाऱ्या खोलीतून ती तशी मुकाट पुढे आली.

अक्का वळल्या. त्यांचं तोंड असं उजळलं की तसं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हात पसरले आणि हाक मारली. ते नाव माझ्या मुलीचं नव्हतं.

मी बोलायला हवं होतं की नव्हतं, हे मला अजून कळत नाही. मी काही म्हणायच्या आत माझ्या मुलीने त्या नावाला मान वर केली, हातांवर जोर दिला, उंबरा ओलांडला आणि सरळ त्यांच्याकडे गेली.

पुढे अक्का होत्या तोवर तिला त्याच नावाने हाक मारायच्या, आणि ती ओ द्यायची. आता तिचेच केस पिकलेत. बाजारात कुणी दुसऱ्याच कुणाला त्या नावाने हाक मारली, तरी ती वळून बघते.