वाजणारा दगड

मिस्त्रींनी हत्यारांना धार लावायचा तो ग्राइंडर भंगारवाल्याकडून उचलला तेव्हा त्याचा मूळ रंग कोणता होता, हे भंगारवाल्यालाही सांगता आलं नसतं. दोन्ही बाजूंचे दगड झिजून बशीएवढे झालेले, मधला दांडा गंजून गच्च बसलेला.

"शोभेला ठेवणार का घरात?" भंगारवाल्याने विचारलं.

मिस्त्री नुसते हसले. नीट ऐकू आलं नाही की हसायचं, हा त्यांचा दोन वर्षांचा शिरस्ता होता आणि त्यावर बरंच निभावत होतं.

चौतीस वर्षं कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या मशीनच्या शेजारी काढली, त्याची ही शिल्लक. बारीक, उंच आवाज आधी गेले. दाराची घंटी, फोन, पक्षी. समोर उभं राहून कोणी जाड आवाजात बोललं तर अजून समजायचं, बाकीचं ओठांवरून ओळखायचं. बायको होती तोवर तिने हा सगळा कारभार बिनबोभाट अंगावर घेतला होता. कोपराला हात लावायची आणि म्हणायची, "दार." कधी "फोन." कधी "अहो, दूध." ती गेली, आणि घर एकदम शांत झालं. माणूस गेल्यावर घर असंच होत असणार, असं मिस्त्रींना वाटलं.

मुलगा दुसऱ्या शहरात. त्याने एकदा बजावून सांगितलं होतं, "बाबा, मशीनवर एकट्याने काम करायचं तर डोळे-कान शाबूत हवेत. नसतील तर ती खोली रिकामी करा आणि सरळ इकडे या." तेव्हापासून मिस्त्री मुलाचा फोन उचलत नसत. मागाहून मेसेज टाकत, 'कामात होतो.' मागची ती खोली, खिडकीखालचं लाकडी टेबल आणि भिंतीवर मापाने लावलेली हत्यारं सोडली तर त्यांच्याकडे दिवस घालवायला दुसरं काही नव्हतं.

ग्राइंडरवर त्यांनी पाच आठवडे घालवले. डाव्या बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात. हे माहीत नसलेल्या कुणीतरी तो पिळून पिळून त्याचे कोपरे गोल केले होते. मिस्त्रींनी त्याला तीन दिवस तेल पाजलं, कानशीने नवे कोपरे काढले आणि उलट्या बाजूने अलगद फिरवला. नट सुटला तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, "ये बाबा," आणि मग कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून मागे पाहिलं. मागे कोण असणार? बेअरिंग नवे घातले. गंज घासून काढला, हिरव्या रंगाचे दोन हात दिले. नवे दगड मागवले. ते आले, पण खोक्याचा एक कोपरा दबलेला होता.

इथे घोडं अडलं. दगड नवा असला तरी वाजवून पाहिल्याशिवाय मशीनवर चढवायचा नाही, हे त्यांच्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. भोकात दांडी घालून दगड लटकवायचा आणि हत्याराच्या लाकडी मुठीने टिचकी मारायची. चांगला दगड घंटेसारखा वाजतो. आत बारीक तडा असेल तर थप्प. असा एक दगड चालू मशीनवर फुटून छपराच्या पत्र्यातून आरपार गेलेला मिस्त्रींनी पाहिला होता.

त्यांनी पहिला दगड वाजवला. थप्प. दुसरा वाजवला. थप्प. दोन्ही फुटके कसे असतील? मग कपाटातला काचेचा पेला वाजवला. तोही थप्प.

मिस्त्री स्टुलावर बसून राहिले. कंप तरी जाणवतो का म्हणून दगडावर बोट ठेवून पाहिलं, दांडी दातात धरून पाहिली. काही कळेना. बाजूला उभं राहून सरळ बटण दाबावं, असंही एकदा मनात आलं. हात बटणापर्यंत गेला आणि उस्तादांच्या आठवणीने परत आला.

वरच्या मजल्यावर ऑपरेटरबाई राहत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्याच. मिस्त्रींच्या ठोकाठोकीबद्दल त्यांनी आजवर बऱ्याच चिठ्ठ्या दाराखालून सरकवल्या होत्या. 'दुपारी एक ते चार कृपा करावी.' गेल्या दोन वर्षांत चिठ्ठी आली नव्हती. बाईंनी हात टेकले, असा मिस्त्रींनी अर्थ लावला होता.

चौथ्या दिवशी पिशवीत दोन्ही दगड घालून ते जिना चढले.

"काय मिस्त्री?" दार उघडून बाई म्हणाल्या. "खालून ऐकू येतो तो पुरत नाही म्हणून आवाज घरपोच आणलात?"

मिस्त्रींना 'आवाज' तेवढा ओठांवरून कळला. "बाई, एक काम होतं. तुमचे कान हवे होते."

"टोमणा मारायला वर आलात होय?"

"टोमणा नाही." मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवली. "मला ऐकू येत नाही."

हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि एक पाऊल पुढे येऊन, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "कधीपासून?"

"बायको होती तोवर किती गेलंय ते कळलं नाही."

बाईंनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाल्या, "त्या गेल्या तेव्हा मी चारदा खाली आले होते. बेल दाबून बोट दुखलं. आत तुमची ठोकाठोकी चालू. म्हटलं, या माणसाला कोणी नकोय. मग चिठ्ठ्याही बंद केल्या. दुःखातल्या माणसाला काय लिहायचं?"

मिस्त्री जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. त्या दिवसांत कोणी फिरकलं नाही, हे त्यांनी मनात पक्कं करून ठेवलं होतं. आणखी कोण कोण बेल दाबून गेलं असेल, याचा हिशेब आता लागणार नव्हता.

"दगड काढा," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी पहिला लटकवून टिचकी मारली. बाई डोळे मिटून उभ्या. "हा छान. मागे रेंगाळतो आवाज." दुसऱ्याला टिचकी मारली. "परत मारा." दगड फिरवून मिस्त्रींनी पुन्हा मारली. "हा मेलाय."

"नक्की?"

"तीस वर्षं चालू लाइन आणि बंद लाइन यातला फरक ऐकून पगार घेतला मी."

बाईंसोबत खाली येऊन मिस्त्रींनी मेलेला दगड हातोडीने फोडला, चुकून कोणी वापरू नये म्हणून. चांगला उजवीकडे चढवला. बाईंना भिंतीकडे उभं केलं, स्वतः बाजूला झाले आणि बटण दाबलं. एक मिनिट गेल्यावर तळवा मशीनच्या अंगावर ठेवला. थरथर नव्हती.

"आवाज करतोय?"

"पंख्याइतका," बाई म्हणाल्या. "याच्यासाठी चिठ्ठी लिहिली असती तर लोकांनी मलाच वेडी ठरवली असती." निघताना त्या दारात थांबल्या. "दुसरा दगड आला की बोलवा. उद्या बहिणीकडे जातेय, गुरुवारी परत येईन. पण मी आले तर तुम्हाला कळणार कसं?"

त्याच संध्याकाळी मिस्त्रींनी दुसरा दगड मागवला, आणि घंटीची वायर आत ओढून टेबलावर एक लाल दिवा बसवला. दिवा लागतो की नाही हे बघायचं तर बेल दाबायला बाहेर एक माणूस आणि आत एक माणूस हवा. शेवटी दार उघडं टाकून त्यांनी दाढीचा आरसा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कलता उभा केला. उंबऱ्याबाहेर जाऊन बेल दाबली. आरशात लाल ठिपका दिसला. त्यांनी आणखी दोनदा दाबली.

रविवारी मुलाचा मिस्ड कॉल दिसला. 'कामात होतो' असं त्यांनी टाइप केलं, मग पुसलं. लिहिलं, 'मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. ग्राइंडर सुरू झाला.' बऱ्याच वेळाने उत्तर आलं, 'महिनाअखेरीस येतो. मग बघू.' मुलगा लहान असताना, नाही म्हणायचं असलं की मिस्त्री स्वतः 'मग बघू' म्हणत. पण त्यांनी हत्यारं भिंतीवरून उतरवली नाहीत.

मंगळवारी सकाळी दिवा लागला. मिस्त्रींनी कानस खाली टाकली, हात पुसले, आरशासमोरून जाता जाता केसांवरून हात फिरवला आणि दार उघडलं. कुरिअरवाला होता. सही घेऊन, खोकं हातात देऊन तो जिन्याकडे वळलासुद्धा. "बेल वाजली हं," मिस्त्री त्याच्या पाठीला म्हणाले.

खोक्याचे चारही कोपरे या वेळी शाबूत होते. मिस्त्रींनी ते न उघडता टेबलावर दिव्याशेजारी ठेवलं. गुरुवारला दोन दिवस होते. स्टूल त्यांनी थोडं फिरवून घेतलं आणि काम करता करता दिवा समोर राहील असे बसले.