तोरणाखालून गेलेली खोकी

खून, दरोडे, खंडण्या यांतलं बरंचसं आता धूसर झालं आहे. मायक्रोस्कोपच्या चोरीची ती घटना मात्र आजही आठवते, आणि आठवली की अजून चीड येते.

मी तेव्हा अंधेरी भागातल्या एका ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्ती जवळ आली होती. सकाळची हजेरी आटोपून बसलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने एका गृहस्थांना आत पाठवलं. आमच्या हद्दीतल्या सरकारी विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागाचे ते प्रभारी प्रमुख. प्रयोगशाळेतले सगळे नवे मायक्रोस्कोप चोरीला गेले, अशी त्यांची तक्रार होती. कुलूप शाबूत. एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका बाईंकडे. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढंच मानधन, आणि नेमणूक दर सत्राला नव्याने. "मला कोणावर आरोप करायचा नाही," असं म्हणत त्यांनी पहिल्या दोन मिनिटांतच त्या बाईंचं नाव संशयित म्हणून दिलं.

इथेच माझे कान टवकारले. ज्याचं खरंच काही गेलेलं असतं, तो आधी वस्तूबद्दल बोलतो. कशी होती, कुठे ठेवली होती, शेवटची कधी पाहिली. चोर त्याला नंतर सुचतो.

गुन्हा नोंदवला आणि फोन वाजला. विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेवर सरकारने नेमलेले एक सदस्य बोलत होते. शेजारच्या उपनगरात त्यांचं स्वतःचं खासगी कॉलेज होतं. "साहेब, मॅटर छोटा आहे. त्या मॅडमना दोन दिवस आत बसवा, विषय क्लोज करून टाका ना."

दुसरीकडे विरोधी पक्षाची विद्यार्थी संघटना ठाण्याच्या फाटकाशी घोषणा देत होती. विद्यापीठाचा दर्जा ठरवणारी मूल्यांकन समिती नुकतीच येऊन गेली होती. समितीला जी यंत्रं दाखवली ती आपण पत्रकारांना घेऊन स्वतः पाहणार, असं त्यांच्या आमदारांनी आधीच जाहीर केलं होतं. त्यांच्या येण्याच्या तोंडावरच ही चोरी झाली होती. एका बाजूला घाई होती, दुसऱ्या बाजूला हर्ष होता. अशा वेळी पोलिसाने आधी चहा मागवावा, हे मी नोकरीत शिकलो.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. लांबलचक खोली, जुनी लाकडी टेबलं. खिडकीशी एक म्हातारा मायक्रोस्कोप होता, आरशावर बाहेरचा उजेड घेणारा. तो कोणी चोरला नव्हता. मी प्रमुखांना विचारलं, "नवे कसे चालायचे?"

"त्यांना आतच दिवा असतो. लाईटवर चालतात."

"मग पिना कुठे लावायचात?"

त्यांनी टेबलांकडे पाहिलं, मग भिंतीकडे. अख्ख्या खोलीत विजेचा एकच बोर्ड होता, दाराजवळ, तोही पंख्याचा. मी हे पंचनाम्यात लिहून घेतलं.

बाहेर पडल्यावर फाटकासमोरच्या चहावाल्याकडे थांबलो. हा आमच्या मालवण तालुक्यातला. गावकीच्या नात्याने अधूनमधून कानावर काही घालायचा. आवाज खाली आणून म्हणाला, "सायबांनू, समिती गेली तेच्या दुसऱ्या दिसाक खोकी गेली ना टेंपोत. धा वाजता, सगळ्यांसमोर. गेटार तोरण तसाच होता. चोर काय असो तोरणाखालसून जाता?"

टेंपोवाला नाक्यावरचाच होता. त्याला शोधायला अर्धा दिवसही लागला नाही. खोकी त्याने कुठे उतरवली होती? परिषदेच्या त्या सदस्यांच्या कॉलेजात. आणलीही तिथूनच होती.

त्या बाईंना नोटीस देऊन बोलावलं होतं. शेजारी महिला उपनिरीक्षक बसवली. बाई पस्तिशीच्या, डॉक्टरेट झालेल्या, कायम नेमणुकीची जाहिरात कधी निघते याची वाट बघत वर्षं काढलेल्या. एकदा निघाली होती म्हणे, पण सरकार बदललं आणि भरती थांबली. मी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "मला माहीत नाही." पण हात मांडीवर घट्ट धरलेले. खोटं बोलणाऱ्यांचे हात चाळा करत असतात. घट्ट हात भीतीचे असतात.

मी म्हणालो, "बाई, टेंपो सापडलाय."

मग त्या रडल्या. "साहेब, खरं बोलले तर पुढच्या सत्राची ऑर्डर जाते. गप्प बसले तर मी चोर. एकदा गुन्हा चिकटला की कायमची नोकरी विसराच, चारित्र्य पडताळणी तुमच्याच ठाण्यातून होणार. आता तुम्हीच सांगा, मी काय करू?"

मी त्यांना पाणी दिलं. ते पिऊन त्या आपणहून बोलू लागल्या. समितीच्या दिवशी खोक्यांबरोबर त्या खासगी कॉलेजचे चार प्राध्यापकही आले होते, इथले म्हणून बसवले होते. विभागात कायम शिक्षक एकही उरलेला नव्हता. "आणि रोज शिकवता कसं?" मी विचारलं. म्हणाल्या, "कांद्याचा पापुद्रा त्या जुन्या मायक्रोस्कोपखाली ठेवते. मुलं रांग लावतात, प्रत्येकाने एकदा डोळा लावायचा. ढग आले की तेही नाही. मग फळ्यावर चित्र काढते."

मला माझे दिवस आठवले. वडील गिरणीत होते. मी याच विद्यापीठातून बी.एस्सी. झालो, तेव्हा प्रयोगशाळेत दोघांत एक मायक्रोस्कोप असायचा आणि शिकवायला पोटतिडकीचे, कायम नोकरीतले मास्तर होते. त्या पदवीवरच मी फौजदार झालो. कुठल्याही पोराच्या बापाला तेव्हा ओळख लावावी लागली नव्हती.

संध्याकाळी प्रमुखांना समोर बसवलं. शिक्षक माणसाला दम देऊन काही हाती लागत नाही, त्याला न सुटलेला प्रश्न परत विचारायचा. मी एवढंच म्हणालो, "पिना कुठे लावायचात?"

ते कोसळलेच. "मी प्रभारी आहे हो! माझ्यावर प्रभारी, त्यांच्याही वर प्रभारी. मायक्रोस्कोपच्या खरेदीची फाईल पाठवली की वरून येते, कायम प्रमुखाची शिफारस जोडा. कायम प्रमुख आणू कुठून? मंत्री बदलला की नव्याने पाठवा. मग समिती आली. वरून निरोप आला, यंत्रं दिसली पाहिजेत. दिसली."

"आणि चोरी?"

"आमदार येणार म्हणाले. त्यांना काय दाखवू? चोरी झाली म्हणा, असं सदस्यसाहेबांनीच सुचवलं. किल्ली दोघांकडेच होती. एक मी..."

"म्हणून दुसरीच्या गळ्यात बांधलीत."

त्यांनी मान खाली घातली. मला राग आला होता आणि कीवही येत होती, दोन्ही एकदम.

पुन्हा फोन आले. आता सूर बदलला होता. गैरसमजातून तक्रार झाली असं दाखवा, न्यायालयात 'सी' समरी पाठवून प्रकरण मिटवा, कोणालाच त्रास नको. मी 'बी' समरी पाठवली, म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी. बाईंच्या नावावर डाग राहू नये म्हणून त्यांचा गुन्ह्याशी संबंध नाही, हे न्यायालयाला पाठवलेल्या अहवालात स्पष्ट लिहिलं. माझ्या हातात होतं ते एवढंच.

प्रमुखांना हटवलं, त्यांच्या जागी दुसरे प्रभारी आले. परिषदेचे सदस्य परिषदेवर राहिले. आमदार महाशयांचा पक्ष पुढे सत्तेत गेला आणि प्रयोगशाळा पाहायची त्यांची राहूनच गेली. दोन्ही पक्षांना ती खोली हवी होती, एकाला झाकायला, दुसऱ्याला उघडी पाडायला. तिच्यात एक बोर्ड बसवायला कोणी तयार नव्हतं.

राजकारणाने विद्यापीठं बिघडतात म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोर्चे आणि टाळे ठोकणं येतं. तसली आंदोलनं मी बंदोबस्तात खूप पाहिली, त्यांनी फारसं काही बिघडत नाही. खुर्ची रिकामी ठेवली की बिघडतं. रिकाम्या खुर्चीवर तात्पुरता बसवलेला माणूस विद्यार्थ्यांकडे बघत नाही, बसवणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. आमच्या खात्यातही हे होतं, म्हणून मला ते लवकर ओळखू आलं.

निवृत्तीनंतर पार्ल्याच्या बाजारात भाजी घेत होतो. मागून हाक आली, "साहेब, ओळखलंत?" त्याच बाई. मी विचारलं, कायम झालात का?

"झाले ना. त्या सदस्यांच्याच कॉलेजात." त्या हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. "विद्यापीठाने पुढची ऑर्डर दिलीच नाही. घर चालवायचं होतं. कॉलेजात तेच मायक्रोस्कोप आहेत, साहेब, ती खोकी मी ओळखते. प्रत्येक टेबलावर एक."

"चला, चांगलं झालं," मी म्हणालो.

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "हो. मुलंही हुशार आहेत, फी भरून येतात. पण एखादं पोर डोळा लावून बराच वेळ बघत बसलं ना, की माझ्या तोंडून अजून निघतं, चल रे, मागे रांग आहे. आणि मागे कोणीच नसतं."