एकशे चाळीस यार्डांचे मामा

आमच्या हिचे मामा कुठल्याही माणसाकडे बघतात तेव्हा त्यांना माणूस दिसतच नाही, त्याच्या मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर दिसतं. हे ऐकीव सांगत नाही, स्वतः भोगलंय. मुलगी बघायला म्हणून आम्ही गेलो, तर या गृहस्थांनी मला ना पगार विचारला ना गाव. बूट काढायला लावून भिंतीशी उभं केलं, खिशातून टेप काढली, मनगटापासून फरशीपर्यंत मोजलं आणि साऱ्या बैठकीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पाऊण इंच जास्त लागन यायले." माझ्या आईचा चहाचा कप हातातच राहिला. मुलात काही खोट निघाली की काय, या धास्तीनं बिचारी घरी पोचेपर्यंत माझ्या हातापायांकडेच बघत होती. मला गोल्फची काठी पाऊण इंच लांब लागेल एवढाच त्याचा अर्थ होता, पण ते कळायला आधी लग्न व्हावं लागलं.

मामांची सारी नोकरी मौद्याकडच्या वीज प्रकल्पात गेली. काम काय, तर गेज तपासणं. दाबाचं, तापमानाचं, दिसेल ते गेज खरं सांगतंय की नाही ते बघायचं. रिटायर होऊन बेसाला घर बांधलं आणि खालच्या पार्किंगमध्ये गाडीऐवजी एक जाळी, एक हिरवी चटई आणि एक मशीन आणून ठेवलं. मशीन म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा चपटा डबा. तो चेंडूच्या मागे जमिनीवर ठेवायचा. चेंडू मारला की डब्यातलं रडार सांगतं, चेंडू किती वेगानं सुटला, किती वर उठला आणि मध्ये जाळी नसती तर किती यार्डांवर जाऊन पडला असता. ते आकडे पाहून मामा काठीची लांबी कापतात, दांडा मऊ की कडक ते ठरवतात, मूठ जाड-बारीक करतात. "शर्ट मापाचा शिवता ना गा? मंग काठी काहून दुसऱ्याच्या मापाची?" हा प्रश्न त्यांनी आमच्या दूधवाल्यालाही विचारलाय. एका लग्नात स्टेजवर नवरदेवाचा हात हातात घेऊन ते त्याच्या मुठीचा अंदाज घेत बसले, तर मागे आहेर देणाऱ्यांची रांग थेट मांडवाबाहेर गेली.

एकदा एक डॉक्टर आले. मी दोनशे मारतो म्हणाले. मशीननं दाखवले एकशे पासष्ट. डॉक्टर तणतणले, मशीन बिघडलंय म्हणाले. मामा शांतपणे म्हणाले, "गेज खोटं बोलत नसते डॉक्टरसाहेब, माणूस बोलते." डॉक्टर तरातरा निघून गेले आणि आठ दिवसांनी संत्रा बर्फी घेऊन परत आले. काठी पाहिजे होती ना!

मला गोल्फ येत नाही. तरी दर रविवारी मशीन तपासायला मामांना मी लागतोच. कारण हातात कुठलीही काठी द्या, माझा चेंडू नव्वद यार्डच जातो. "जवाईबापू म्हणजे आपलं किलोचं वजन," असं ते चारचौघांत कौतुकानं सांगतात. स्वतः मामांचा आकडा एकशे चाळीस. रोज सकाळी दहा चेंडू मारायचे आणि आकडा पेन्सिलीनं कॅलेंडरवर लिहायचा, कित्येक वर्षांचा नेम.

या मे महिन्यात मामींचा फोन आला. "जवाईबापू, तुम्ही या जरा. यायनं मशीन विकाले काढली."

मी धावलो. मामा पार्किंगमध्ये स्टुलावर बसलेले, उजवा हात डाव्या हातात धरून. कॅलेंडरवर एकशे चाळीसचे एकशे अठ्ठावीस, मग एकशे एकोणीस, मग एकशे पंधरा. "मोठ्या भाऊचं असंच झालं होतं," ते हळूच म्हणाले. "पहिले ताकद गेली. मंग चमचा धरता ये ना."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"गेजनं दाखवलं न. डॉक्टर काय वेगळं सांगन?"

अस्सा संताप आला! पण त्यांच्यापुढे बोलणार कोण? वर मलाच म्हणाले, "घेणारा संध्याकाळी येऊन राहिला. दोन चेंडू मारा, मशीन चालू हाय एवढं पाहू द्या."

मारला. अडुसष्ट. मामांच्या कपाळाला आठी पडली. "नीट मारा." सदुसष्ट. पुन्हा मारला, एकोणसत्तर. मामा ताडकन उठले.

"जवाईबापू, तुमचा आकडा नव्वदच्या खाली जाऊच शकत नाही!"

आयुष्यात पहिल्यांदा असला अपमान मला गोड लागला. मामांची नजर आता प्रकल्पातली झाली. काय बदललं, ते शोधायला लागली आणि जाळीमागे थांबली. तिथे कूलर घरघरत होता.

"हा कधीपासून हाय?"

"एक तारखेपासून," मामी म्हणाल्या. "घामानं ओले चिंब होऊन येत होते तुम्ही. ऊन लागन म्हणून मीच ठेवला, मंग रोज थोडा जवळ आणत गेली. तुम्हीच तर म्हणाले, बरं वाटते."

मामांनी कपाळावर हात मारला. जन्मभर दुसऱ्यांची गेजं तपासली आणि घरचं रडार महिनाभर चेंडूबरोबर कूलरच्या पंख्याची फिरती पाती बघून आकडा चुकवत होतं! कूलर बंद केला. मी मारला, नव्वद. मी तर उडीच मारली. मग मामांनी काठी घेतली. मामींनी डोळे मिटून घेतले.

एकशे चौतीस.

मामा आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सहा गेले. ते वयाचे. ते जाऊ दे." मामी हसायला लागल्या आणि हसताहसताच पदरानं डोळे पुसू लागल्या. संध्याकाळी मशीन घेणारा आला, तो चहा पिऊन परत गेला. दुसऱ्या दिवशी मी हट्टानं मामांना त्याच डॉक्टरांकडे नेलं. हात ठणठणीत निघाला. डॉक्टर म्हणाले, "या वयात एकशे चौतीस? मलाच काठी बदलून द्या."

आता रोज सकाळी कूलर बंद ठेवून दहा चेंडू होतात. मामा घामानं निथळतात. परवा एकशे तेहेतीस आला, तोही त्यांनी लिहिला. मग मशीनवर फडकं टाकलं आणि वर बघून हाक मारली, "लाव वं आता." मामी खाली आल्या, कूलर लावला आणि स्टूल ओढून शेजारी बसल्या. दोघं गार वाऱ्यात चहा पीत बसले होते, आणि मामा पहिल्यांदाच काहीही मोजत नव्हते.