जित्या माणसाचा फोटो

बडोद्याला कलेच्या इतिहासाच्या एम.ए.ला माझा नंबर लागला होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जागा पक्की करायची होती आणि आई हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती. मी काय शिकणार ते तरी तिला दाखवावं म्हणून तिला चिंचवडच्या प्रदर्शनाला न्यायचं ठरवलं. एकोणिसाव्या शतकातल्या इटलीतली कुटुंबचित्रं, मोठ्या छापील प्रती, प्रवेश मोफत.

तुम्ही चाकणहून जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. आधी भोसरीची बस, मग चिंचवडची. आम्ही लवकर निघूनही मोशीत कंटेनरच्या रांगेत अडकलो. आईची कंपनीत दुपारची सेकंड शिफ्ट होती.

"गेट लागल्यावर सुपरवायझर काय तुझी चित्रं बघून आत घेनार हाय का?"

शेजारची बाई हसली. मला हसू येईना. भोसरीत उभ्याउभ्याच वडापाव खाल्ला.

हॉलच्या दाराशी आईने चपला काढल्या आणि पहिल्याच चित्राला हात जोडले. मग दुसऱ्याला.

"आई, देव नाहीत हे."

"ठावं हाय. गेलेली मानसं हाईत ना?"

आमच्या घरात भिंतीवर फक्त गेलेल्यांचे फोटो लागतात. शेवटचा बाबांचा लागला. माझा पदवीदानाचा फोटो, घरातली पहिली पदवी असूनही, कपाटात साड्यांखाली आहे.

एका चित्रासमोर ती थांबली. प्रवासाच्या कपड्यांत उभी मुलगी, शेजारी खुर्चीत आई. आईचा चेहरा शांत, पण बोटांनी मुलीची बाही चुरगळून धरलेली. खालची माहिती मी वाचून दाखवली: मुलगी दूर निघाली होती, म्हणून आईने हे काढून घेतलं आणि घरात लावलं.

"जिती असताना?"

"हो."

"आन् मग आली का पोरगी म्हागारी?"

ते लिहिलेलं नव्हतं. आली म्हणून सांगता आलं असतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

परतताना आई परस्पर कंपनीपाशी उतरली. गेट अजून उघडं होतं. "जेवून घे," एवढंच म्हणाली. बडोद्याचा विषयच नाही.

सकाळी ठोकण्याच्या आवाजाने जाग आली. आई स्टुलावर उभी होती. बाबांच्या समोरच्या भिंतीवर माझा फोटो.

"ह्याला हार घालायचा न्हाई," ती खाली न बघताच म्हणाली. "कुनी इचारलं तर सांगीन, बडोद्याला शिकाया गेलीय. येनार हाय."

मी जागा पक्की केली. बॅग अजून भरायची आहे. खिळा जरा तिरका बसलाय. आई जाता-येता फोटो हाताने दाबून बघते.