होयचं बटण

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. तळेगावात जुने सहकारी भेटले की मी माझ्या प्रोग्रॅमबद्दल भरभरून बोलतो, आणि पॅकिंगवरच्या मावशींचा विषय निघाला की चहा सांगायला उठतो. आता उठणार नाही. जे झालं ते मला नीट आठवतं, आणि चूक कोणाची होती हे सांगू शकणारा माणूस मी एकटाच आहे.

नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात मी क्वालिटी बघायचो. निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना पायथन शिकलो. कोणी शिका म्हटलं नव्हतं. पॅकिंगच्या टेबलावरची खाडाखोडीची वही मला बघवत नव्हती. आणि चांगलं शिकलो. इतरांनी आधीच लिहून ठेवलेल्या कोडला लायब्ररी म्हणतात. मी घेतलेल्या लायब्ररीचं काम एवढंच: स्क्रीनवर छोटी चौकट दाखवायची, तिच्यात प्रश्न, खाली बटणं. एक ओळ लिहिली की चौकट हजर. घरी पहिली चौकट उमटली तेव्हा मी बायकोला हाक मारली. चौकटीत लिहिलं होतं, 'चहा करतेस?' तिनं 'नाही' दाबलं आणि आत निघून गेली.

कारखान्यातलं काम असं होतं. रबरी वॉशरचं खोकं काट्यावर ठेवायचं आणि लेबलवर स्कॅनरची गन धरायची. नंबर वाचला गेला की प्रोग्रॅम वजन बघायचा. वजन कमी भरलं तर चौकट विचारणार: 'वजन कमी आहे. तरी पाठवायचं?' खाली 'होय' आणि 'नाही'. जे उत्तर येईल ते वेळेसकट नोंदलं जाणार. टेबलावर मावशी असायच्या. पन्नाशीच्या, आंदर मावळातल्या, ठेकेदारामार्फत लागलेल्या. जीप गाठायला रोज तासभर चालत यायच्या.

दोन महिन्यांनी काही खोकी परत आली. आत माल कमी. मी नोंदी काढल्या. त्या प्रत्येक खोक्यापुढे 'होय' होतं.

मॅनेजरनं मावशींना केबिनमध्ये बोलावलं. मी होतो, ठेकेदार होता.

"मावशी, वजन कमी असताना होय का दाबलं?"

"कशाचं व्हय?"

"कॉम्प्युटरनं विचारलं तेव्हा."

"मला कुनी इचारलंच न्हाई, सायेब. इचारलंच न्हाई तर मी व्हय कुटून म्हनू?"

ठेकेदार खो खो हसला. "मावशी, त्यानं काय घरी येऊन, पाटावर बसून इचारायचं व्हतं का?"

मॅनेजर माझ्याकडे वळला. "आपोआप होय पडू शकतं का?"

"शक्य नाही," मी म्हणालो. "मी स्वतः तपासलंय."

तपासलं होतं, खोटं नव्हतं. पण माझ्या टेबलावर, कीबोर्डवरून नंबर टाकून. गन जोडून एकदाही नाही. नोंदींचा कागद त्या वेळी माझ्याच हातात होता. चौकट उघडल्याची वेळ आणि उत्तराची वेळ, दोन्ही शेजारी शेजारी, दोन्ही एकाच सेकंदातल्या. तेवढ्या वेळात प्रश्न वाचूनही होत नाही. मी त्या रकान्यांकडे पाहिलंच नाही. फक्त 'होय' पाहिलं.

मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. दारातून त्या माझ्याकडे वळल्या. एरवी सायेब म्हणायच्या. "भाऊ, तुमी तरी सांगा की."

"मशीनमध्ये जे आहे तेच मी सांगणार, मावशी."

पुढे पॅकिंगमध्ये तो विनोदच झाला. कोणी आपली चूक नाकारली की बाकीचे ओरडायचे, "तुला बी कुनी इचारलं न्हाई का?" मीही हसायचो.

पंधरा दिवसांनी त्या टेबलावरचा नवा माणूस आला नाही, म्हणून मी बसलो. एक खोकं हलकं होतं. गन धरली. स्क्रीनवर काहीतरी लकाकलं आणि गेलं. नोंद पाहिली: 'होय'. मी तेच खोकं पुन्हा ठेवलं. पुन्हा 'होय'. गन प्रत्येक नंबरामागे दोनदा एन्टर पाठवत होती. पहिल्या एन्टरनं नंबर आत जायचा, दुसरा थेट चौकटीवर पडायचा. आणि लायब्ररीची पद्धत अशी, की वेगळं सांगितलं नाही तर पहिलं बटण आधीच निवडलेलं असतं; एन्टर पडला की तेच दाबलं जातं. पहिलं बटण मी 'होय' ठेवलं होतं.

मी गनची सेटिंग बदलली, 'नाही' पहिलं केलं. मॅनेजरला म्हणालो, थोडी सुधारणा केली आहे. त्यानं शाबासकी दिली. मी ती घेतली.

निवृत्तीनंतर एकदा मावशींच्या गावी गेलो, सांगायचं ठरवूनच. त्या खळ्यावर भात वारवत होत्या. मला बघून सूप खाली ठेवलं, सुनेला चहा टाकायला लावला, शेजारणीला सांगितलं, "ह्ये आमचं सायेब. कॉम्प्युटर ह्येंनीच बसवला." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तवा मीच दाबलं असंल, भाऊ. घाईत कळलं नसंल. दुसऱ्या ठेकेदारानं बी घ्येतलं न्हाई. समदी म्हनली, तवा खरंच असंल."

बोलायचं होतं ते याच क्षणी. मी म्हणालो, "चहा छान झालाय."

पुन्हा जाईन म्हणत राहिलो. गेल्या वर्षी त्यांच्या गावचा एक जण तळेगावच्या बाजारात भेटला, त्यानं सांगितलं, मावशी गेल्या. त्यांच्या सुनेला हे सगळं मी सांगणार आहे. तिच्या घरात तो डाग राहता कामा नये. पण ज्यांना सांगायचं होतं त्यांच्यासाठीचं वाक्य माझ्याकडेच राहिलं. ते असं होतं:

मावशी, तुम्ही खरं बोलत होता. तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. ते होय माझं होतं, आणि कळल्यावर गप्प बसलो तोही मीच. मला माफ करा.